वादळाची मदत : भीक नव्हे, हक्क

(लातूर जिल्ह्यातील एका बुद्धविहारात वर्षावासाच्या प्रारंभी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आषाढ पौर्णिमेपासून भिक्खुसंघाचा वर्षावास सुरू होतो. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, असा हा अडीच हजार वर्षांचा नियम आहे. पाऊस-वाऱ्याच्या दिवसांत माणसाच्या डोक्यावर छप्पर असलेच पाहिजे, ही साधी गोष्ट भगवान बुद्धांच्या संघाने नियम म्हणून स्वीकारली. मी धर्मोपदेशक नाही. कायदा महाविद्यालयातून पदवी घेऊन न्यायालयाची पायरी चढणारा एक वकील आहे. म्हणून आजच्या दिवशी त्या छपराविषयीच आपल्याशी बोलावे, असे मी ठरविले. वादळ आले आणि छप्पर उडाले, तर आपण काय करावे, कोणाकडे जावे आणि कोणत्या मानाने जावे, एवढाच माझा विषय आहे.

आपला मराठवाडा हा दुष्काळाचा मुलूख म्हणून ओळखला जातो. सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराची तहान भागवावी लागली, हे आपण विसरलेला नाहीत. परंतु याच मुलखाला वादळाने आणि पावसाने किती वेळा झोडपले, याची आठवण मात्र आपण ठेवीत नाही. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने लातूर, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील उभी पिके आडवी केली. सन २०२५ च्या १७ आणि १८ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात पावसाने हाहाकार केला. मुक्रमाबाद भागात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, लेंडी नदीचे पाणी हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली या गावांत शिरले, हसनाळमध्ये माणसे मृत्युमुखी पडली आणि बचावासाठी लष्कराच्या तुकडीला पाचारण करावे लागले. पुढे सप्टेंबरात मांजरा, तेरणा आणि गोदावरी यांच्या काठची शेते दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली.

ही मोठी संकटे वर्तमानपत्रांत येतात. परंतु दरवर्षी चैत्र-वैशाखात एखाद्या दुपारी आभाळ काळे होते, वीस मिनिटे वारा सुटतो आणि एका वस्तीवरचे पत्रे उडून दुसऱ्या वस्तीत जाऊन पडतात, त्याची बातमी दोन ओळींची असते. वादळ वीस मिनिटांचे. पण ज्याचे घर गेले त्याच्या कर्जाचा हिशेब वीस वर्षे चालतो.

प्रथम एका गैरसमजाचा निकाल लावू. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी बुद्धाचा धम्म अलीकडेच स्वीकारला आहे. घरातील देव्हारा गेला, पण मनातील भीती एका दिवसात जात नाही. वीज पडली की, 'जुन्या देवाला सोडले म्हणून कोप झाला,' असे कुजबुजणारे शेजारी भेटतात. बोकडाचा नवस बोला, असे सांगणारेही भेटतात. त्यांना रागाने नव्हे, कारण दाखवून उत्तर द्या. उन्हाळ्यात मराठवाड्याची जमीन तव्यासारखी तापते. तापलेली हवा वर चढते. समुद्राकडून आलेले बाष्प तिला मिळाले की दहा-बारा किलोमीटर वा त्याहूनही उंच ढग उभा राहतो. त्याच्या माथ्यावर गोठणबिंदूच्या कितीतरी खाली थंडी असते, तेथे गार तयार होते. त्या ढगातून जड, थंड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तेच आपले वादळ. कारणाशिवाय कार्य नाही, ही बुद्धाची शिकवण आहे. तेव्हा वादळाला कोणाचा धर्म ठाऊक नसतो. पाटलाच्या वाड्यावर आणि आपल्या घरावर वारा एकाच वेगाने येतो.

पण परिणाम एकसारखा होत नाही, आणि येथूनच कायद्याचा प्रांत सुरू होतो. वाडा दगडी चिऱ्यांचा आणि गावाच्या उंचवट्यावर. आपली वस्ती गावकुसाच्या कडेला, ओढ्याच्या उताराला, नाही तर गायरानात. भिंत मातीची, वर पत्रा, आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. वारा आला की तेच दगड झोपलेल्या लेकरांच्या अंगावर येतात. वारा निसर्गाचा आहे, पण वस्ती कोठे बसावी हे निसर्गाने ठरविलेले नाही. ते गावाने ठरविले, शतकानुशतके ठरविले. म्हणून वादळाचे नुकसान हे निम्मे आभाळाचे आणि निम्मे समाजरचनेचे असते.

या गोष्टीचा एक पुरावा याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगड-मातीच्या घरांखाली दबून गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु नव्या घराचे माप कशावर ठरले? जमिनीच्या मालकीवर. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, त्यावरच्या सात हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ४०० चौरस फूट, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. भूमिहीनाला पक्के घर मिळाले, ही मोठी गोष्ट झाली. ती मी नाकारीत नाही. परंतु सर्वांना समान करणाऱ्या भूकंपानंतरही मोजपट्टी जुनीच राहिली, हे विसरू नका. भूमिहीनाच्या घरात माणसे कमी नसतात, जमीन कमी असते.

आता मी आपल्याला एक घरगुती गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अभिमान वाटत नाही.

सन २०१४ च्या गारपिटीत माझ्या गावी आमच्या घराचे पत्रे फाटले आणि मागची भिंत पाण्याने फुगली. मी त्या वेळी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करीत होतो. बातमी कळताच गावी गेलो. चावडीपुढे नुकसान झालेल्यांची नावे लिहून घेणे चालू होते. वडील घरीच बसून होते. मी म्हणालो, "आबा, नाव द्यायला चला." ते म्हणाले, "बाळ, चावडीपुढं उभं राहून हात पसरणं मी लहानपणीच सोडलंय."

या वाक्याचा अर्थ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. माझे वडील सात-आठ वर्षांचे असताना येसकराच्या पाळीला टोपले घेऊन दारोदार भाकर मागत हिंडले होते. सन १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिचा उजेड आमच्या गावापर्यंत पोहोचला, तेव्हा माझ्या आजोबांनी ते टोपले चुलीत घातले. त्यानंतर आमच्या घरातील कोणी कोणाच्या दारात भाकरीसाठी उभे राहिले नाही. म्हणून वडिलांचे ते उत्तर ऐकून माझी छाती फुगली. मी म्हणालो, "आबा, तुमचं बरोबर आहे." आणि आम्ही पदरचे पैसे घालून पत्रे बदलले.

आमच्या शेजारी एक विधवा मावशी राहत होत्या. त्यांची भिंत आमच्याहून अधिक खचली होती. त्यांनी आमच्या घराकडे पाहिले. 'वकिलाच्या घरचे गेले नाहीत, मग आपण कशाला जावे?' असे म्हणून त्याही गेल्या नाहीत. त्यांच्याजवळ भिंत बांधण्यास पदरचे काही नव्हते. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री ती भिंत पडली. मावशी वाचल्या, पण त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि खुरपणीची मजुरी कायमची बंद झाली. मी अर्ज लिहून दिला, हेलपाटे घातले. कार्यालयाचे उत्तर एकच होते: गारपिटीच्या वेळच्या पंचनाम्यात या घराची नोंद नाही. उत्तर कागदाला धरून होते. चूक माझी होती. मी कायदा शिकलो होतो, आणि तरीही भीक आणि हक्क यांतील भेद मला माझ्या वडिलांना सांगता आला नाही.

तो भेद आज मी आपल्याला सांगतो.

भीक देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क नियमावर असतो. भीक घेणाऱ्याने मान खाली घालावी लागते. हक्क मागणाऱ्याने कागद पुढे करावा लागतो. भिकेचा हिशेब विचारता येत नाही. हक्काचा विचारता येतो. येसकराची भाकर गावाच्या मर्जीची होती आणि तिच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतले जात होते. सरकारी तिजोरीतील पैसा कोणा पाटलाचा नाही. काडेपेटी, कापड विकत घेताना आपण जो कर भरतो, त्यातून ती तिजोरी भरते. त्या पैशावर आपला वाटा सांगणे म्हणजे हात पसरणे नव्हे.

कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, सरकार स्वतःच या पैशाला सानुग्रह अनुदान म्हणते. अनुग्रह म्हणजे कृपा. मग हक्क कसला?" प्रश्न रास्त आहे. सन २००४ च्या त्सुनामीने समुद्रकिनारे उद्ध्वस्त केल्यानंतर देशात सन २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच्या कलम १२ मध्ये आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या मदतीची किमान मानके राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवावीत, असे सांगितले होते. ही मानके ठरविणे ऐच्छिक की बंधनकारक, असा वाद करोना साथीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गौरव कुमार बन्सल यांच्या प्रकरणात ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की ते बंधनकारक आहे. रक्कम किती असावी हे प्राधिकरणाने ठरवावे, पण मानकेच ठरविणार नाही असे त्याला म्हणता येणार नाही. म्हणजे शब्द कृपेचा राहिला, तरी त्यामागे कर्तव्य उभे झाले. आणि जेथे कर्तव्य आहे, तेथे त्याची विचारणा करण्याचा अधिकारही आहे.

याच कायद्याचे कलम ६१ प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. आपद्ग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश अथवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. हे कलम कायद्यात घालावे लागले, यातच आपल्या समाजाची कबुली आहे. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना निवाऱ्यात आणि मदतीच्या वाटपात मागे ठेवल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या होत्या. पुराच्या पाण्यात सारे एकत्र वाहतात आणि छावणीत आल्यावर पंगती वेगळ्या होतात, हे चित्र पुसण्यासाठी ते कलम आहे. आणि 'तुम्ही बौद्ध झालात, आता तुम्हांला अनुसूचित जातीचे संरक्षण नाही,' असे कोणी सांगितले तर त्यास सांगा की सन १९९० च्या केंद्रीय कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींना ते संरक्षण दिलेले आहे, आणि सन १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांनाही लागू आहे.

आता व्यवहाराकडे येऊ. मदतीचा पाया पंचनामा हा आहे. पंचनाम्यातील एक शब्द किती मोलाचा असतो, ते पाहा. सन २०२२ ते २०२६ या कालखंडासाठी ठरविलेल्या दरांत, सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरास १,२०,००० रुपये होते. किमान १५ टक्के अंशतः पडझड झालेल्या कच्च्या घरास ४,००० रुपये होते. झोपडीस ८,००० रुपये होते. म्हणजे 'पूर्णतः' या शब्दाच्या जागी 'अंशतः' हा शब्द पडला, तर रक्कम तिसाव्या हिश्श्यावर आली! चार भिंतींपैकी तीन पडल्या आणि एक उभी आहे, म्हणून 'अंशतः' लिहिले जाते. आणि निरक्षर घरमालक त्याखाली अंगठा देतो. बंधूंनो, अंगठा देण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून घ्या. वस्तीतील एखाद्या शिकलेल्या मुलीला पंचनाम्याच्या वेळी जवळ उभी करा. दर काळाप्रमाणे बदलतात, म्हणून चालू दर तहसील कार्यालयात विचारून घ्या. परंतु शब्दाचे महत्त्व बदलत नाही.

क्रम असा ठेवा. वादळ शमताच, शक्य तर त्याच दिवशी, घराची, भांड्याकुंड्यांची, जनावरांची छायाचित्रे काढून ठेवा. मोबाईल आज प्रत्येक वस्तीत आहे. तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. पोच असलेला अर्ज पेटीत राहतो. पंचनाम्याच्या वेळी घर सोडून मजुरीला जाऊ नका. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण घर बुडणार नाही. यादी लागली की आपले नाव, बँकेचा खाते क्रमांक आणि रक्कम पडताळा. यादीतील विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रावर आधार प्रमाणीकरण करावे लागते. ते न केल्यामुळे मंजूर रक्कम अडकून पडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. यादीत नाव नसेल, तर सन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली यादीची आणि पंचनाम्याची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

आणखी एक दुःखाची, पण आवश्यक गोष्ट सांगतो. वीज पडून वा भिंत कोसळून घरातील माणूस गेला, तर शोकाच्या भरात पोलिसांना न कळविता अंत्यविधी उरकू नका. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन झाले नाही, तर मृत्यूचे कारण कागदावर येत नाही. वीज पडणे ही आपत्ती महाराष्ट्र सरकारने मदतीस पात्र मानलेली आहे आणि मृताच्या वारसास त्या दरांप्रमाणे ४ लाख रुपये ठरविलेले होते. पैशाने माणूस परत येत नाही. पण मागे राहिलेल्या लेकरांची शाळा त्यावर चालू राहते. जनावर दगावले तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घेतल्याशिवाय ते पुरू नका. दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये आणि शेळीस ४,००० रुपये असे त्या कालखंडाचे दर होते. आपल्या वस्तीत म्हैस थोड्यांकडे असते, शेळी पुष्कळांकडे असते. तिचीही नोंद होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता सर्वांत अवघड प्रश्न: गायरानाचा. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सन १९५९ आणि पुन्हा सन १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी जो सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग भरले, तो याच जमिनीसाठी होता. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानातील अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. त्याप्रमाणे काहींच्या नावे सातबारा झाला. अनेकांचा झाला नाही. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याचे पीक गारपिटीने गेले तरी हेक्टरी मदतीच्या यादीत त्याचे नाव येत नाही. घराच्या मदतीसही ते बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला मागितला जातो. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आकडा मोठा आहे. परंतु पिकाची मदत हेक्टरावर मोजली जाते, आणि ज्याच्याजवळ हेक्टरच नाही, त्याच्या बुडालेल्या मजुरीला कोणती मोजपट्टी लावावयाची? शेत वाहून गेले की मालकाचे पीक जाते आणि मजुराचा हंगाम जातो. पहिल्याची नोंद होते. दुसऱ्याची होत नाही. हा अन्याय कोणा एका अधिकाऱ्याचा नाही. तो नियमाच्या रचनेतील आहे, आणि नियम बदलून घेण्यासाठी संघटितपणे मागणी करावी लागेल.

तोपर्यंत हाती असलेले पुरावे जपा. गायरान कसणाऱ्यांनी गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाच्या नोंदीचा उतारा काढून ठेवावा. घर असणाऱ्यांनी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा आणि कराच्या पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात. करपावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे मी वकील म्हणून स्पष्ट सांगतो. पण तुम्ही तेथे राहता आणि किती वर्षे राहता, हे सिद्ध होते. सन २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तेव्हाही सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद न्यायालयाने सांगितला आहे. तेव्हा कोणी 'न्यायालयाने सर्वच काढावयास सांगितले आहे' असे म्हणाले, तर घाबरून घर सोडू नका. कागद घेऊन वकिलाकडे जा. वकिलाची फी नाही, अशी सबब नको. सन १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना, आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तीत सापडलेल्यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. नांदेड आणि लातूर येथील जिल्हा न्यायालयांत त्याची कार्यालये आहेत.

हक्काबरोबर शीलही सांगतो. जे गेले नाही ते गेले म्हणून लिहून देऊ नका. खोटा दावा करणाऱ्यास आपत्ती कायद्याच्या कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे, आणि मदतीचा पैसा वा माल गिळणाऱ्यास कलम ५३ खाली तितकीच. परंतु आपणांस तुरुंगाच्या भयाची गरज नसावी. असत्य न बोलण्याचे शील आपण तोंडाने म्हणतो, ते पंचनाम्याच्या वेळीही पाळले पाहिजे. एका खोट्या नावामुळे दहा खरी नावे संशयात पडतात.

तसेच आपला विहार हा संकटात सर्वांचा असावा. पक्क्या छताची इमारत वस्तीत बहुधा हीच एक असते. वादळाच्या रात्री मातंग, मुसलमान, वंजारी, मराठा, जो कोणी भिजलेला येईल, त्यास आत घ्या. आपल्यासाठी कलम ६१ मागायचे आणि आपल्या दारात ते विसरायचे, हे आपल्याला शोभणार नाही.

आणि मदत येण्याची वाट पाहण्याआधी हातचे काम करा. पत्र्यावरचे दगड काढा. पत्रे लोखंडी हुकांनी वाशांना घट्ट आवळा, कडेच्या पत्र्यांना अधिक हूक लावा. आभाळ गडगडू लागले की झाडाखालून आणि उघड्या रानातून दूर व्हा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' नावाचे मोबाईलवरील साधन जवळपास वीज पडण्याचा इशारा देते; वस्तीतील दोन तरुणांनी ते ठेवावे आणि रानातील मजुरांना फोन करावा. बाबासाहेब सन १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर नदीच्या पुराकडे त्यांनी दैवाचा प्रकोप म्हणून पाहिले नाही. नियोजनाने आवरता येणारी आणि उपयोगात आणता येणारी शक्ती म्हणून पाहिले. नदीच्या बाबतीत जे त्यांनी केले, ते आपल्या छपराच्या बाबतीत आपण करू शकतो.

शेवटी पुन्हा घरची गोष्ट. मावशींचा पाय मोडल्यानंतर वडील बरेच दिवस गप्प होते. काही वर्षांनी वैशाखात पुन्हा वादळ झाले आणि वस्तीतील अनेक घरांचे नुकसान झाले. मी गावी पोहोचलो तेव्हा वडील चष्मा लावून विहाराच्या ओट्यावर बसले होते. पुढ्यात पंचनाम्याचे कागद होते आणि ते एकेक कागद मोठ्याने वाचून दाखवीत होते. एका कागदावर ते थांबले आणि नुकसान लिहून घेणाऱ्या तरुण कर्मचाऱ्याला म्हणाले, "साहेब, हितं अंशतः लिहिलंय. चला, एकदा घर बघून येऊ." तो कर्मचारी भला होता, तो उठला, गेला, त्याने पुन्हा पाहिले आणि शब्द बदलला. त्या वेळी माझे वडील चावडीपुढे नव्हते, आणि त्यांचा हात पसरलेला नव्हता. त्या हातात कागद होता.

बंधू-भगिनींनो, पावसाळ्याचे दिवस आहेत. आज घरी गेल्यावर एवढेच करा: नमुना ८ चा उतारा, करपावत्या, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पुस्तक आणि जातीचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला उंच बांधा. शेजारच्या एकट्या बाईची पिशवीही तुम्हीच बांधून द्या. वादळ येईल तेव्हा घराबरोबर हक्क वाहून जाता कामा नये.

जय भीम.